शमेनस : गिरणी बंद पडण्याआधी रंगलेल्या भिंती

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेल्या व्हँकूव्हर बेटावर शमेनस नावाचं एक छोटं गाव आहे. पर्यटनाच्या परिषदांमध्ये आणि ग्रामविकासाच्या कार्यशाळांमध्ये या गावाची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते : गावाला पोसणारी लाकूडगिरणी बंद पडली, गाव ओस पडणार असं दिसू लागलं, मग कुणाला तरी भिंतींवर गावाचा इतिहास रंगवायची कल्पना सुचली आणि चित्रांनी गाव तारलं. गोष्ट ऐकायला छान आहे, फक्त तिचा क्रम चुकलेला आहे. पहिली चित्रं रंगली १९८२ मध्ये. गिरणी बंद झाली १९८३ मध्ये. आणि १९८५ मध्ये नवी गिरणी सुरूसुद्धा झाली.

तारखांचा हा घोळ निस्तरण्यात मला रस आहे, कारण क्रम बदलला की गोष्टीचा अर्थ बदलतो. सगळं बुडाल्यावर शेवटचा उपाय म्हणून भिंती रंगवणं वेगळं आणि गिरणीचा भोंगा अजून वाजत असताना ‘आपल्या गावात दाखवण्यासारखं काय आहे’ असा प्रश्न पडणं वेगळं. शमेनसमध्ये दुसरं घडलं. कुणाला भिंतीवर घ्यायचं आणि कुणाला नाही, हा या प्रकरणातला खरा अवघड प्रश्न मात्र त्यानंतर बरीच वर्षं पिच्छा पुरवत राहिला.

आधी गाव. प्रांताची राजधानी असलेल्या व्हिक्टोरिया शहरापासून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, घोड्याच्या नालेसारख्या वळणदार खाडीच्या काठी. वस्ती काही हजारांची. स्वतंत्र नगरपालिका नाही. नॉर्थ काउइचन नावाच्या मोठ्या पालिकेत ते मोडतं. मुळात ही भूमी कोस्ट सेलिश आदिवासींची. १८६२ मध्ये इथे पाणचक्कीवर चालणारी पहिली लाकूडगिरणी उभी राहिली आणि पुढची सव्वाशे वर्षं गावाचं सगळं चक्र गिरणीभोवती फिरलं. एक गिरणी जुनी झाली, जळाली किंवा अपुरी पडली की तिच्या जागी मोठी यायची. १८८९ पासून व्हिक्टोरिया लंबर ही कंपनी होती, १९४० च्या दशकात ती मॅकमिलन यांच्या उद्योगसमूहाकडे गेली. दुकान कंपनीचं, घरं कंपनीची, कोण कुठे राहणार हेही बऱ्याच अंशी कंपनीच ठरवणार. गोरे कामगार एकीकडे, चिनी दुसरीकडे, जपानी तिसरीकडे, आदिवासी त्यांच्या राखीव जमिनीवर. गिरणीतून निघालेले अजस्र वासे केवळ अंगमेहनतीने गलबतांवर चढवणाऱ्या चिनी मजुरांच्या टोळीचे जुने फोटो आजही पाहायला मिळतात. त्या वाशांची जाडी पाहिली तर ते काम माणसांनी केलं यावर विश्वास बसत नाही.

भारतीयांचाही या लाकडाशी संबंध आहे. याच भागात, डंकन शहराच्या पश्चिमेला, मेयो सिंग यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वतःची लाकूडगिरणी काढली आणि तिच्याभोवती उभी राहिलेली वस्ती पंजाबातल्या त्यांच्या मूळ गावाच्या नावाने पालदी म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या गावाकडे नंतर वळू.

आता कार्ल शुट्झ. जर्मनीत जन्मलेला, कॅनडात येऊन शमेनसमध्ये स्थिरावलेला हा व्यावसायिक १९७१ मध्ये रुमानियाच्या सहलीला गेला होता. तिथे मोल्दाविया प्रांतात पंधराव्या-सोळाव्या शतकातले मठ आहेत, व्होरोनेत्स, मोल्दोवित्सा, सुचेवित्सा वगैरे. त्यांची खासियत अशी, की चित्रं आतल्यापेक्षा बाहेरच्या भिंतींवर जास्त लक्षात राहतात. ज्याला वाचता येत नाही त्याने मठाला फेरी मारायची आणि अख्खी धर्मकथा डोळ्यांनी वाचून घ्यायची. चारशे-पाचशे वर्षं उन्हापावसात टिकलेली ती चित्रं पाहून शुट्झच्या डोक्यात आलं, की हे आपल्या गावात का नको. परत येऊन त्याने ही कल्पना गावातल्या दुकानदारांपुढे मांडली. ती कुणी उचलून धरली नाही. माझ्या मते दुकानदारांचं फार चुकलं नाही. गिरणी नीट चालली होती, पगार होत होते. देवादिकांच्या चित्रांसाठी लोक मठात जातात हे खरं, पण ओंडके ओढणाऱ्या कामगारांच्या चित्रांसाठी परगावचं कोण इथवर येईल, ही शंका रास्तच होती.

कल्पना दहा वर्षं पडून राहिली. १९८१ च्या सुमारास वारं फिरलं. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने मरगळलेल्या बाजारपेठांना उभारी देण्यासाठी अनुदान देऊ केलं होतं. नॉर्थ काउइचनचे तरुण महापौर ग्रॅहम ब्रूस यांनी शमेनसचा मुख्य रस्ता या योजनेत घ्यायचं ठरवलं आणि प्रकल्पाच्या समन्वयाचं काम शुट्झकडे दिलं. अशा योजनांमध्ये एरवी काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे : फुटपाथ नवे, दिव्याचे खांब नवे, झाडांच्या कुंड्या आणि उद्घाटनाची कोनशिला. शमेनसमध्येही फुटपाथ झाले. शुट्झने त्याच निमित्ताने आपली जुनी कल्पना पुन्हा बाहेर काढली.

१९८२ मध्ये पाच भित्तिचित्रं झाली. त्यातलं पहिलं मानलं जातं ते फ्रँक लुईस आणि नॅन्सी लगाना यांचं ‘स्टीम डाँकी’. नावात गाढव असलं तरी हे यंत्र आहे : वाफेवर फिरणारा प्रचंड रहाट. जंगलात पाडलेला ओंडका जाड तारेने त्याला बांधायचा आणि बैलांनी किंवा घोड्यांनी जे दिवसभरात ओढलं असतं ते या यंत्राने थोडक्या वेळात ओढायचं. तार तुटली तर मध्ये उभा असलेला माणूस संपलाच. चित्रात ते यंत्र आणि त्यावर काम करणारी माणसं आहेत.

इथे तीन निर्णय झाले. प्रकल्प टिकला तो त्यांच्यामुळे, असं माझं मत आहे.

पहिला निर्णय विषयाचा. देखावे, फुलं, समुद्रपक्षी, सूर्यास्त यांपैकी काहीही चाललं असतं आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात ते शोभलं असतं. ते टाळून गावातलंच काम, गावातलीच दुकानं, गावातलीच माणसं घ्यायची असं ठरलं. दुसरा निर्णय शैलीचा. चित्रं वास्तवदर्शी हवीत, शक्यतो जुन्या फोटोंवरून काढलेली हवीत. कलासमीक्षकांनी यावर नाकं मुरडली तर नवल नाही. फोटो मोठा करून भिंतीवर उतरवण्यात कला कुठली, हा आक्षेप जुना आहे. पण या निर्णयाचा एक परिणाम कागदावर दिसत नाही. चित्रकाराला फोटो लागणार म्हटल्यावर घराघरांतल्या ट्रंका उघडल्या गेल्या. फोटोत उभा असलेला तिसरा माणूस कोण, ती होडी कुणाची, दुकानाची पाटी कुठल्या सालातली, यावर म्हाताऱ्यांत वाद झाले. रंगारी शिडीवर असताना खालून कुणी ‘टोपी अशी नव्हती’ म्हणून सांगायचा हक्क गावाला मिळाला. अमूर्त चित्रात ही सोय नसते. तिसरा निर्णय चित्रकारांचा. हौशी मंडळींना किंवा शाळेतल्या मुलांना ब्रश न देता बाहेरचे, मोठ्या भिंतीचा अनुभव असलेले व्यावसायिक चित्रकार मोबदला देऊन बोलावले. ते रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत काम करत. त्यामुळे रंग वाळण्याआधीच प्रेक्षक जमू लागले.

मग १९८३ उजाडलं आणि जुनी गिरणी बंद झाली. ती जुनाट झाली होती, लाकडाचा बाजार बसला होता. शेकडो लोकांचं काम गेलं. (आपल्याकडे मुंबईत १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप तेव्हा चालूच होता. ‘गिरणी गेली’ या दोन शब्दांत काय काय येतं ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.) शमेनसला नशिबाने एक गोष्ट मिळाली : कंपनीने जागा सोडली नाही, जुनी गिरणी पाडून आधुनिक यंत्रांची नवी उभारली. मात्र १९८५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा माणसं पूर्वीच्या तुलनेत फार थोडी लागली. बाकीच्यांचं काम यंत्रं करत होती.

म्हणजे चित्रांनी गिरणीची जागा घेतली नाही, आणि गिरणीनेही आपली जुनी जागा परत मिळवली नाही. मधल्या दोन वर्षांत गावाकडे बाहेरून माणसं येत राहिली, हे चित्रांचं श्रेय. १९८३ मध्येच न्यूयॉर्कमध्ये बाजारपेठ पुनरुज्जीवनाचा एक मानाचा पुरस्कार प्रकल्पाला मिळाला आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. ओस पडू पाहणाऱ्या रस्त्यावर चहाची दुकानं, पुराणवस्तूंची दुकानं, आइस्क्रीमवाले आले. १९९३ मध्ये नाट्यगृह उघडलं, ते अजून चालतं. फुटपाथवर पिवळ्या पावलांचे ठसे रंगवले आहेत. त्यांच्या मागे चालत गेलं की एकेक चित्र समोर येतं. वर्षाला चार लाख पर्यटक, हा आकडा गावाबद्दलच्या लिखाणात वारंवार येतो. असे आकडे कसे मोजतात हा प्रश्न बाजूला ठेवला तरी गर्दी खरी आहे.

पण ही नोकऱ्यांची अदलाबदल समसमान नव्हती. गिरणीतली नोकरी युनियनची, बारमाही, घर चालवणारी. आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी उन्हाळ्याची. पर्यटनातून दुकानदार आणि घरमालक सावरले. करवतीवर वीस वर्षं काढलेला माणूस त्यातून सावरला असं सरसकट म्हणता येणार नाही. ‘चित्रांनी गाव वाचवलं’ या वाक्यातलं गाव म्हणजे नेमकं कोण, हे विचारायला हवं.

आता भिंतींवरच्या माणसांकडे येऊ.

सुरुवातीच्या चित्रांत अर्थातच गिरणी, लाकूडतोडे, कंपनीचं दुकान, जुना मुख्य रस्ता हे भरपूर आहे. पण लवकरच गावाच्या कडेकडेची माणसंही आली. पॉल मार्कानो यांनी हाँग हिंगचं धक्क्यावरचं दुकान रंगवलं. हा चिनी दुकानदार किराणा विकायचा, जुनं सामान विकायचा, आणि मागच्या अंगाला चोरटी दारू आणि जुगारही चालायचा. मला हे चित्र आवडतं, कारण गावाने त्याला चित्रात संत केलं नाही. पॉल इगार्तुआ यांनी रानात एकट्याने राहून पायवाटा घडवणारा चार्ली ॲबट रंगवला. सरपंच, देणगीदार, लष्करी अधिकारी यांच्या आधी एका एकांड्या म्हाताऱ्याला भिंत मिळणं ही आपल्याकडच्या पुतळ्यांच्या सवयीत न बसणारी गोष्ट. सँडी क्लार्क यांच्या चित्रात ‘रेनडियर’ हे जहाज खाडीत शिरतं आहे आणि किनाऱ्यावरची आदिवासी स्त्री त्याकडे पाहते आहे. जहाजावरून किनारा पाहण्याऐवजी किनाऱ्यावरून जहाज पाहणं, एवढ्या एका निवडीने चित्र कुणाच्या बाजूने आहे ते ठरतं.

यात जपानी समाजाचं प्रकरण सगळ्यात बोलकं आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी शमेनसमध्ये जपानी वंशाची बरीच कुटुंबं होती. गिरणीत काम करणारी, मासेमारी करणारी, मुलं तिथल्याच शाळेत शिकणारी. त्यातला एक मुलगा एडवर्ड योशिदा. त्याला स्काउट व्हायचं होतं, पण जपानी म्हणून गावातल्या पथकात घेतलं नाही. त्याने पोस्टाने अभ्यासक्रम मागवला आणि पथकाशिवायचा एकटा स्काउट म्हणून परीक्षा दिल्या. मग स्वतःच जपानी मुलांचं पथक उभं केलं. ब्रिटिश साम्राज्यातलं अशा प्रकारचं ते पहिलं पथक म्हणून त्याचा उल्लेख होतो.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९४२ मध्ये कॅनडा सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांना उठवलं. यातले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. शमेनसमधली कुटुंबंही गेली. आधी व्हँकूव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, जिथे एरवी जनावरांची प्रदर्शनं भरत, आणि तिथून आतल्या डोंगराळ भागातल्या छावण्यांमध्ये. मागे राहिलेली घरं, होड्या, शेतं सरकारने विकून टाकली. युद्ध १९४५ मध्ये संपलं, पण किनाऱ्यावर परतायची परवानगी १ एप्रिल १९४९ पर्यंत मिळाली नाही. तोवर परतण्यासारखं काही उरलं नव्हतं.

१९८२-८३ मध्ये चित्रांची पहिली फेरी झाली तेव्हा चिनी दुकानदार आला, आदिवासी आले. जपानी कुटुंबांची स्वतंत्र चित्रं आली ती १९९१ मध्ये. स्टॅनली तानिवा यांचं ‘लोन स्काउट’, म्हणजे तोच योशिदा, आणि जॉयस कामिकुरा यांचं ‘विनिंग फ्लोट’, म्हणजे युद्धाआधीच्या मिरवणुकीत बक्षीस मिळवलेला जपानी समाजाचा सजवलेला रथ. मध्ये काय घडलं? सप्टेंबर १९८८ मध्ये कॅनडाच्या संसदेत पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी या अन्यायाची कबुली देऊन माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बाधित व्यक्तीला २१,००० डॉलर भरपाई मंजूर झाली. माफी आधी, भिंत नंतर. गावाने स्वतःहून पुढाकार घेऊन देशाला आरसा दाखवला असं झालं नाही. देशाने मान्य केल्यावर गावाला ते रंगवणं सोपं गेलं. हे दूषण म्हणून म्हणत नाही. बहुतेक गावं असंच वागतात, आणि बरीच गावं माफीनंतरही रंगवत नाहीत.

दोन्ही चित्रांचे विषय पाहा. एकात अडवला गेलेला पण हार न मानणारा मुलगा, दुसऱ्यात कॅनडाच्या मिरवणुकीत बक्षीस जिंकणारा समाज. १९४२ चा तो दिवस, सामानाच्या मोजक्या बोजांसह धक्क्यावर उभी असलेली कुटुंबं, हे त्यांचे विषय नाहीत. माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की इथे इतिहास गोड करून घेतला आहे. नंतर वाटलं, ज्या समाजावर हे गुदरलं त्याला भिंतीवर कायमचं ‘हाकलले गेलेले’ म्हणूनच का उभं राहायचं असेल? योशिदाच्या चित्रात भेदभावाची गोष्ट सांगायची राहिलेलीही नाही, कारण पथकात का घेतलं नाही हे सांगितल्याशिवाय ‘एकटा’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तरी एक भिंत त्या दिवसाची हवी होती, असं मला अजून वाटतं.

आदिवासींच्या बाबतीत अडचण याहून खोल आहे. इगार्तुआ यांचं १९८३ मधलं ‘नेटिव्ह हेरिटेज’ गावातल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रांपैकी एक. पोस्टकार्डांवर, माहितीपत्रकांवर तेच. ताकदीने रंगवलेले कोस्ट सेलिश चेहरे. मात्र गोऱ्या वसाहतवाल्यांच्या चित्रांत प्रसंग आहेत, यंत्रं आहेत, तारखा आहेत. इथे फक्त चेहरे आहेत. जणू एका समाजाला इतिहास आहे आणि दुसऱ्याला नुसता वारसा.

शमेनसच्या धक्क्यावरून एक छोटी फेरीबोट सुटते, ती थेटिस आणि पेनेलाकट या बेटांवर जाते. पेनेलाकटचं वसाहतकालीन नाव क्यूपर. तिथे १८९० ते १९७५ या काळात आदिवासी मुलांसाठीची निवासी शाळा होती. आईबापांपासून तोडून, भाषा सोडायला लावून शिकवणारी. गिरणीचा सुवर्णकाळ म्हणून भिंतींवर जो काळ रंगवला आहे, तोच हा काळ. जुलै २०२१ मध्ये पेनेलाकट जमातीने जाहीर केलं की बेटावर १६० हून अधिक नोंद नसलेल्या, खुणा नसलेल्या दफनांची खात्री झाली आहे. २ ऑगस्ट २०२१ रोजी शमेनसच्या रस्त्यांवरून त्या मुलांसाठी मोर्चा निघाला. हजारो लोक आले, बरेचसे नारिंगी कपड्यांत, कारण कॅनडात निवासी शाळांतल्या मुलांच्या स्मरणाचा तोच रंग. पर्यटकांसाठीच्या चित्रांसमोरून तो गेला. १९८२ च्या मंडळींना हा इतिहास ठाऊक नव्हता असं म्हणवत नाही. शाळा बंद होऊन तेव्हा फक्त सात वर्षं झाली होती. तो रंगवण्याचा विषय आहे, असं तेव्हा वाटलं नसावं.

शमेनसचं अनुकरण पुष्कळ झालं. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या शेफील्ड गावाने शमेनसची गोष्ट ऐकूनच १९८६ मध्ये पहिलं चित्र रंगवलं आणि तेही आज चित्रांचं गाव म्हणून ओळखलं जातं. शेजारच्या डंकनने मात्र वेगळी वाट धरली : १९८५ पासून तिथे आदिवासी कारागिरांकडून लाकडी टोटेम खांब, म्हणजे प्राण्यांच्या आणि पूर्वजांच्या आकृत्यांचे उंच खांब, कोरून घेऊन शहरभर उभे केले गेले. तुलना करायचीच तर मला डंकनचा मार्ग एका बाबतीत सरस वाटतो. तिथे ज्यांची परंपरा, त्यांच्याच हातात छिन्नी होती.

आणि पालदी? तिथली गिरणी गेली, मागोमाग घरं गेली. भिंतच उरली नाही तर रंगवणार कशावर? गुरुद्वारा तेवढा उभा आहे आणि पालदीच्या जुन्या कुटुंबांची आठवण त्याच्याभोवती जमते. भित्तिचित्रांनी स्मृती जपायची तर आधी बाजारपेठ, इमारती आणि त्यांचे सुस्थितीतले मालक लागतात, ही अट शमेनसच्या कौतुकात विसरली जाते.

शमेनसमध्ये आज चाळीसच्या वर चित्रं आहेत. ती सांभाळण्याचं काम एक संस्था करते, फेस्टिव्हल ऑफ म्यूरल्स सोसायटी. हे काम पहिल्यांदा रंगवण्याहून किचकट आहे. समुद्राची खारी हवा, पश्चिम किनाऱ्याचा लांबलेला पाऊस आणि उन्हाळ्यातलं ऊन यांनी रंग उडतो, भिंतीला ओल आली की पापुद्रे सुटतात. डागडुजी म्हणजे बऱ्याचदा नव्याने रंगवणंच. मूळ चित्रकार हयात असेल आणि येऊ शकला तर ठीक, नाहीतर दुसऱ्याच्या हाताने. भिंत खाजगी इमारतीची असते, मालक बदलतो, त्याला खिडकी पाडायची असते. नव्या चित्राला देणगीदार मिळतो, उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. जुन्याच्या दुरुस्तीला यातलं काहीच मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी गावाने एमिली कार या थोर चित्रकर्तीवरची मालिका हाती घेतली. ती व्हिक्टोरियाची, शमेनसची रहिवासी नव्हे. चित्रं पाहायला चांगली आहेत आणि तिचं नाव पर्यटकांना माहीत असतं. पण हाँग हिंगचं नाव शमेनसबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या दुकानासमोर लोक थांबत होते ते तरीही. गावात रंगवण्यासारखी माणसं संपली म्हणून कार आली, असं कुणी म्हणालं तर मला ते पटणार नाही. धक्क्यावरून बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीतल्या माणसांना विचारलं तरी पुढच्या दहा भिंतींचे विषय मिळतील. फक्त ते कोण रंगवणार आणि कोण ठरवणार, याचं उत्तर १९८२ सारखं दुकानदारांच्या बैठकीत मिळणार नाही.